सोशल सिक्युरिटी अपिलातली फी: पहिला अर्ज करताना

अमेरिकेतल्या सोशल सिक्युरिटी भत्त्याची तुमची पहिलीच केस रिमांड होऊन आली (म्हणजे कोर्टाने ती फेरनिर्णयासाठी खात्याकडे परत पाठवली), अभिनंदन! फीच्या अर्जाची धास्ती घेऊ नका.

सगळ्यात आधी तारीख. इक्वल अ‍ॅक्सेस टू जस्टिस अ‍ॅक्टखालचा (सरकारविरुद्ध जिंकणाऱ्याला वकिलाची फी सरकारकडून मिळवून देणारा कायदा) अर्ज निकाल अंतिम झाल्यापासून 30 दिवसांत करायचा. सरकारला अपिलासाठी 60 दिवस असतात. ते संपल्यावर हे 30 मोजायचे. नवखे वकील भत्ता मंजूर व्हायची वाट बघत बसतात आणि मुदत हातची घालवतात. काही गरज नाही! 'सेंटेन्स फोर'खाली (सोशल सिक्युरिटी कायद्यातल्या कोर्ट-अपिलाच्या कलमाचं चौथं वाक्य) रिमांड मिळाला की तुमचा अशील जिंकलेला पक्ष ठरतो. अमेरिकी सुप्रीम कोर्टाचा निकाल: शालाला विरुद्ध शेफर, 1993.

मग अर्जाचा मजकूर:

- सरकारची भूमिका पुरेशी समर्थनीय नव्हती, हे विधान हवंच. ती समर्थनीय होती हे दाखवायचं ओझं मात्र सरकारवर.
- दावा लावताना अशिलाची निव्वळ मालमत्ता 20 लाख डॉलरच्या वर नव्हती, हेही लिहा. (आपल्या अशिलांकडे कुठली असायला!)
- तास रोजच्या रोज नोंदवा. चार कामं एका ओळीत कोंबलीत की कात्री लागलीच. कारकुनी काम लावू नका.

ही फी कायद्याने अशिलाची असते, वकिलाची नव्हे. अ‍ॅस्ट्रू विरुद्ध रॅटलिफ, 2010. त्याचं सरकारी देणं थकलं असेल तर आधी ते वळतं होतं. पुढे कोर्टाने थकीत भत्त्यातून 25 टक्क्यांपर्यंतची फी दिली, तर ही आणि आधीची, दोन्हीतली लहान रक्कम तुम्ही अशिलाला परत करायची. हे त्याला आत्ताच सांगून ठेवा.

त्या 25 टक्क्यांतलं वाजवी किती, ते भत्ता मंजूर झाल्यावर बघू.