वाचकांचे प्रश्न : जपानी शिकताना फोन आणि संगणक

प्रश्न : डिसेंबरच्या एन-५ परीक्षेसाठी (जपानीच्या जेएलपीटी परीक्षेची सर्वांत सोपी पातळी) अंकी या शब्दकार्डांच्या ॲपवर रोज २० नवे शब्द घेत होतो. आता उजळणीची साडेआठशे कार्डं साचली आहेत. सगळं पुसून नव्याने सुरू करू का? (नाशिक)

उत्तर : पुसू नका. २० हा आकडा ॲपमध्ये आधीपासून भरलेला असतो, तुमचा वेळ बघून कोणी ठरवलेला नसतो. रोज २० नवी कार्डं घेतली की काही आठवड्यांत उजळणी दोनशेच्या घरात जाते, कारण प्रत्येक कार्ड ठरावीक अंतराने परत येतं. डेक ऑप्शन्समध्ये (कार्डांच्या गठ्ठ्याच्या सेटिंगमध्ये) जाऊन नवी कार्डं शून्यावर आणा आणि उजळणीची रोजची मर्यादा १५० ठेवा. साचलेलं संपलं की रोज १० नवे शब्द पुरेत. एन-५ साठी साधारण ८०० शब्द धरतात (२०१० मध्ये परीक्षा बदलल्यापासून अधिकृत यादी नाही), म्हणजे ८० दिवस.

कार्डं साचण्याचं दुसरं कारण बटणांत असतं. शब्द आठवला नाही तरी बरेच जण ‘अगेन’ (विसरलो, पुन्हा दाखव) दाबायला कचरतात आणि ‘हार्ड’ दाबतात. अंकीच्या हिशेबात ‘हार्ड’ म्हणजे ‘आठवला, पण कष्टाने’. २३.१० या आवृत्तीपासून एफएसआरएस ही नवी पद्धत आली आहे. ती तुमच्या जुन्या उत्तरांवरून पुढचं अंतर ठरवते. विसरलेल्या शब्दांना ‘हार्ड’ देत राहिलात, तर ती सगळीच अंतरं फाजील लांबवते. डेक ऑप्शन्समध्येच ‘डिझायर्ड रिटेन्शन’ (उजळणीच्या वेळी किती कार्डं आठवायला हवीत ते प्रमाण) ०.९० असतं, तेच राहू द्या. ०.९७ केलंत तर उजळणी कैक पटींनी वाढेल.

आणि कार्डावर अर्थ मराठीत लिहा. जपानीत क्रियापद शेवटी येतं, ‘नि’, ‘कारा’ नामाच्या मागे लागतात. ‘तोओक्योओ कारा’ला ‘टोकियोहून’ हा सरळ जोड मराठीतच मिळतो. इंग्रजी अर्थ लिहून वाक्य उगाच उलटं करायचं कशाला?

प्रश्न : फोनवर जपानीत बोलून टाइप केलं तर वाक्य बरोबर उमटतं. म्हणजे उच्चार बरोबर आहेत असं समजायचं का? (पुणे)

उत्तर : नाही. फोन आवाजाबरोबर आजूबाजूचे शब्दही बघतो आणि जे बसेल ते लिहितो. ‘माझी ओबासान ८५ वर्षांची आहे’ अशा अर्थाचं वाक्य बोललात तर तो आजीच लिहील, अशी शक्यता बरीच. ‘ओबासान’ म्हणजे मावशी-आत्या, ‘ओबाआसान’ म्हणजे आजी. तुमची चूक तो परस्पर दुरुस्त करतो आणि तुम्हाला पत्ता लागत नाही.

म्हणून परीक्षा सुट्या शब्दांवर घ्या. कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जपानी भाषा जोडा. कागदावर या जोड्या उलटसुलट क्रमाने, प्रत्येक शब्द दहा वेळा येईल अशा लिहून ठेवा : ओबासान–ओबाआसान, युकि (बर्फ)–युउकि (धैर्य), कोको (इथे)–कोओकोओ (माध्यमिकनंतरची शाळा). एकेक शब्द बोला, थांबा, काय उमटलं त्याची खूण करा. दहापैकी आठ तरी बरोबर यायला हवेत. एकट्या शब्दातही फोन जास्त वापरातल्या शब्दाकडे झुकतो, तेव्हा एकाच बाजूच्या चुका दिसल्या तर ध्वनिमुद्रणावरून खात्री करा.

मराठी माणूस नेमका इथेच अडतो. ‘दिन’ आणि ‘दीन’ लिहिताना वेगळे, बोलताना बहुतेकांचे सारखेच. ‘ए’ आणि ‘ओ’ला तर आपल्याकडे ऱ्हस्व-दीर्घ नाहीच. जोडव्यंजनांचा मात्र त्रास होत नाही : ‘आता’ आणि ‘आत्ता’ म्हणणाऱ्याला ‘किते’ (ये) आणि ‘कित्ते’ (टपाल तिकीट) सहज जमतात. ‘त्सु’ही सोपा, ‘चूक’मधला च आपल्या तोंडात आहेच.

सरावासाठी मेट्रोनोम ॲप मिनिटाला १२० ठोक्यांवर लावा आणि दर ठोक्याला एक मात्रा म्हणा : ओ-बा-सा-न चार, ओ-बा-आ-सा-न पाच. मग ऑडॅसिटी या मोफत प्रोग्रॅममध्ये आवाज मुद्रित करा आणि ‘बा’चा स्वर निवडून त्याची लांबी बघा. ‘ओबाआसान’मधला स्वर ‘ओबासान’मधल्यापेक्षा दुप्पट तरी भरला पाहिजे.

प्रश्न : मी शिकवणी घेते. ऐकण्याच्या सरावासाठी मजकूर संगणकाकडून वाचून घेतला तर चालेल का? (ठाणे)

उत्तर : चालेल, पण मुलांना देण्याआधी प्रत्येक वाक्य स्वतः ऐका. ‘एक’ आणि ‘दिवस’ या दोन कांजी (अर्थ दाखवणारी चिनी वळणाची अक्षरं) मिळून ‘इचिनिचि’ (एक दिवस) होतं, तसंच ‘त्सुइताचि’ (महिन्याची पहिली तारीख) सुद्धा. यंत्र कधी चुकीचं निवडतं. ते टाळायला सगळं हिरागानात (उच्चाराप्रमाणे लिहायच्या जपानी लिपीत) लिहिलं, तर दुसरी पंचाईत. ‘हाशि’ म्हणजे जेवायच्या काड्या की पूल हे कांजीशिवाय त्याला कळत नाही, आणि स्वराचा चढउतार चुकतो. विषय दाखवणारा प्रत्यय ‘हा’ असा लिहितात आणि ‘वा’ असा वाचतात, तिथेही ते घसरू शकतं. तेव्हा कांजीसकट पूर्ण वाक्य द्या, आणि अडेल तेवढाच शब्द हिरागानात करा. संवाद असेल तर दोन पात्रांना दोन आवाज द्या, नाहीतर कोण बोलतंय हे मुलांना कळणार नाही.

प्रश्न : ‘किन्एन’ (धूम्रपानबंदी) टाइप केलं की ‘किनेन’ (स्मृती) येतं. (कोल्हापूर)

उत्तर : रोमन अक्षरं वापरताना ‘न्’च्या पुढे स्वर आला की दोन्ही मिळून ‘ने’ होतात. अशा ठिकाणी ‘एन’ कळ दोनदा दाबा.

प्रश्न : ऐकण्याचे नमुने पाऊणपट वेगाने ऐकले तर समजतात, नेहमीच्या वेगाने नाही. (मडगाव)

उत्तर : परीक्षेत ध्वनिफीत एकदाच आणि पूर्ण वेगाने वाजते. वेग कमी केला की ऱ्हस्व स्वरही लांबतात आणि कान भलत्याच मापाला सरावतो. वेग तोच ठेवून तुकडा लहान करा : व्हीएलसी या ध्वनिफिती वाजवायच्या प्रोग्रॅममध्ये सुरुवात आणि शेवट ठरवून तेवढाच भाग फिरवत ठेवता येतो. चार-पाच सेकंदांचा तुकडा पाच वेळा ऐका, ऐकलं ते हिरागानात लिहा, मग मूळ मजकुराशी ताडा. हा भाग टाळून चालत नाही. एन-५ ला १८० पैकी ८० गुण मिळाले, तरी ऐकण्यात ६० पैकी १९ नसतील तर नापासच.