गुलाबी आंबुशी किती पसरेल, हे कसं ओळखावं?

प्रश्न : जास्वंदीच्या कुंडीतून आलेली गुलाबी फुलांची आंबुशी दोन वर्षांत बागेतल्या तीन वाफ्यांत पसरली. उपटली की आठवड्याभरात पुन्हा उगवते. ती कुंपणाबाहेरच्या गवतात, ओढ्यापर्यंत जाईल का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : चटणीत घालतात ती पिवळ्या फुलांची आंबुशी सरपटते, शेंगा तडकवून बी उडवते, तिला कंद नसतो. तुमची आंबुशी निराळी, मूळची अमेरिका खंडातली. तिला जमिनीवर खोड नसतं, पानं थेट कंदातून निघतात. पानाचे तीन भाग माशाच्या शेपटीसारखे त्रिकोणी असतील तर ती ऑक्झॅलिस लॅटिफोलिया. पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचे, गोलसर असतील तर ऑक्झॅलिस डेबिलिस. पहिलीच्या कंदिका, म्हणजे कंदाची बारीक पिल्लं, आडव्या धाग्यांच्या टोकाला, मुख्य कंदापासून थोड्या दूर धरतात. दुसरीच्या कंदालाच घोसासारख्या चिकटलेल्या असतात आणि हात लागताच गळतात. म्हणूनच उपटून ती हटत नाही. खाली पांढरं, मुळ्यासारखं पाणीदार मूळ निघालं की अनेकांना कंद निघाल्यासारखं वाटतं. कंद मात्र मातीतच राहिलेला असू शकतो.

फुलांच्या संख्येवरून अंदाज बांधू नका. आपल्याकडे या दोन्हींना बी जवळपास धरतच नाही. सगळा कारभार मातीखाली चालतो. प्रत्येक वाफ्यात २५ × २५ सेंमी चौकोन आखून २० सेंमी खोल खणा, पण ५-५ सेंमीचा थर वेगळा काढा. ओली माती चाळणीत अडते, म्हणून ती बादलीत कालवून २ मिमी चाळणीवर धुवा. कंद आणि कंदिका वेगवेगळ्या मोजा. १६ ने गुणलं की एका चौरस मीटरचा आकडा मिळतो. कोणत्या थरात किती, हे जरूर लिहा, कारण १० सेंमीच्या खाली बरेच कंद असतील तर वरवर खुरपून काहीच साधणार नाही.

जोडीला एक कुंडी ठेवा : १० इंची, स्वच्छ माती, जूनमध्ये एकच कंद. खाली ताटली हवीच, नाहीतर भोकातून कंदिका वाहून बागेत जातील. ऑक्टोबरअखेर कुंडी ओतून मोजा. एकाचे किती झाले, ते कळेल.

आता कुंपणाबाहेरचं. ऑगस्टमध्ये कुंपणालगत फिरून रोपं नेमकी कुठे आहेत ते पाहा. फक्त खणलेल्या किंवा टाकलेल्या मातीवर असतील, तर पसरवणारं खुरपं, फावडं आणि तुमचं कंपोस्टच आहे. न खणलेल्या घट्ट गवतात ती सहसा शिरत नाही. ओढ्याची गोष्ट वेगळी : पाण्याबरोबर माती वाहते तशा कंदिकाही वाहतात. वाफ्याचा उतार ओढ्याकडे असेल तर पावसाळ्याआधी बांध घाला.

प्रश्न : मग तणनाशक मारून टाकू का?

उत्तर : पानं जळतील, सुप्त कंदिका राहतील. त्यापेक्षा फुलाची दांडी दिसण्याआधी, नव्या कंदिका सुट्या होण्यापूर्वी, मातीच्या गोळ्यासकट रोप काढा. एप्रिल-मेमध्ये रिकामा वाफा भिजवून पारदर्शक प्लास्टिकने ६ आठवडे घट्ट झाका. वरच्या थरातले बरेच कंद उष्णतेने मरतात. काढलेली रोपं कंपोस्टमध्ये टाकू नका, पत्र्यावर कडक उन्हात वाळवून जाळा. आणि नर्सरीतून आणलेलं प्रत्येक रोप लावण्याआधी महिनाभर वेगळं ठेवा.