गडग्यापलीकडून हाक

वाचकांचे प्रश्न : ऑगस्ट २०२०

नेहमीचं आधी सांगून टाकते. मी डॉक्टर नाही. मानसिक आजारांच्या वॉर्डात २८ वर्षं परिचारिका होते, आता निवृत्त होऊन गुहागर तालुक्यात राहते. गोळ्यांची नावं मला विचारू नका. बाकी काहीही विचारा. यंदा पत्रं इतकी आली आहेत की सगळ्यांना उत्तर देणं जमणार नाही, म्हणून ज्यांना थांबून चालणार नाही ती आधी घेतली.

ताई, स. न. वि. वि. मी देवगड तालुक्यातली. मुलगा २९ वर्षांचा, मुंबईला हॉटेलात कामाला. करोनामुळे मार्चमध्ये हॉटेल बंद झालं. एका खोलीत सहाजण राहत होते. जूनमध्ये कसाबसा गावी आला. गावाने ठरवलं त्याप्रमाणे बागेतल्या मांगरात, म्हणजे राखणीच्या खोपीत, चौदा दिवस ठेवला. ते संपून महिना झाला, तरी तो घरात येत नाही. दिवसभर झोपतो, रात्रभर मोबाइल. रात्री छातीत दाटतं, श्वास पुरत नाही म्हणतो. वाडीतले म्हणतात काहीतरी लागलंय, गाऱ्हाणं घाला. मलाही झोप नाही. त्याला वेड तर लागलं नाही ना?

वहिनी, वेड नाही. पण छातीचं आधी बघून घेऊ, कारण या दिवसांत ते अंदाजावर सोडायचं नाही. आशाताईंकडे किंवा उपकेंद्रात बोटाला लावायचं ऑक्सिजनचं यंत्र असेल तर मागून घ्या आणि त्याला त्रास होत असेल त्याच वेळी लावा. आकडा ९५ किंवा त्याच्या वर, ताप-खोकला नाही, चालताना धाप नाही, असं असेल तर घाबरण्यासारखं फारसं काही नाही. तरी दिवसा एकदा डॉक्टरांना दाखवून घ्या. आकडा ९४ किंवा त्याच्या खाली गेला, किंवा छातीतली कळ हाताकडे, जबड्याकडे जायला लागली, तर मात्र सकाळची वाट बघू नका.

तपासणीत काही निघालं नाही, तर मग ही भीती आहे. भीती खरी असते, नाटक नसतं. माणूस घाबरला की भराभर श्वास घेतो. त्याला वाटतं हवा कमी पडतेय, प्रत्यक्षात तो नको तितका श्वास घेत असतो. त्याने रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, बोटांना मुंग्या येतात, छाती आवळते, आणि ते पाहून तो आणखी घाबरतो. वॉर्डात आम्ही अशा माणसाशेजारी बसून मोजायचो: चार अंकांत श्वास आत, सहा अंकांत बाहेर. बाहेर सोडायला जास्त वेळ, एवढंच लक्षात ठेवायचं. असं पाच-सात मिनिटं. पहिल्या दिवशी जमत नाही. तुम्ही त्याच्याबरोबर मोजा, म्हणजे तुमच्या झोपेलाही उपयोग होईल. तिच्याविषयी तुम्ही तीन शब्द लिहून पुढे गेलात, ते मी वाचलंय.

आता मांगराचं. इथे मला माझीच एक गोष्ट सांगावी लागेल, आणि ती काही शोभेची नाही.

मे महिन्यात माझा भाचा मुंबईहून आला. आमच्या वाडीच्या तोंडाशी तेव्हा बांबू आडवे बांधलेले होते. मागच्या पडवीत त्याची सोय केली. इतकी वर्षं लोकांना मनाचं शहाणपण शिकवलेली मी, मी काय केलं? पायरीवर ताट ठेवायचं, भांड्याने फरशीवर टकटक करायचं, आणि वळून आत. घरात वहिनीची ८१ वर्षांची आई होती, भीती होती, ते सगळं खरं. चौथ्या दिवशी तो जाळीतून म्हणाला, "आत्या, कुत्र्याला ताट ठेवतात तेव्हा निदान यू यू तरी करतात."

त्या दिवशी मी रडले नाही, मला राग आला. संध्याकाळी तो ओसरला. दुसऱ्या दिवसापासून फणसाखाली, त्याच्यापासून बारा-पंधरा हातांवर, मी खुर्ची मांडली. तोंडाला पदर. त्याचं ताट ठेवायचं, लांब येऊन माझंही ताट मांडीवर घ्यायचं. बोलायचं काय, तर आमटीत मीठ कमी आहे का, आणि वरच्या आळीतल्या कोणाची गाय व्यायली. करोनाचा विषय नाही, नोकरीचा नाही. उरलेले दहा दिवस तो माणसात होता.

अंतर हातांचं ठेवायला सांगितलं होतं, आपण आवाजाचंही ठेवलं. कोकणात घरं लांब लांबच असतात. दोन घरांमध्ये गडगा, म्हणजे दगडांचा बांध, असतो, पण गडग्यापलीकडून "जेवलात काय?" अशी हाक येते, म्हणून ते लांब वाटत नाही. यंदा ती हाकच बंद झाली. तुमचा मुलगा मुंबईहून चालत, टेम्पोत बसून, कसा आला असेल तो आला, आणि वाडीतल्या ओळखीच्या माणसांनी त्याला बघून रस्ता बदलला. दर महिन्याला पैसे पाठवणारा पोरगा रिकाम्या हाताने आला आहे, ही लाज वेगळीच. मांगरात त्याला निदान कोणी बघत नाही. तो तिथे लपला आहे, कोंडलेला नाही.

म्हणून त्याला "घरात ये" म्हणून ओढू नका. तुम्हीच मांगराकडे जा. सकाळी साडेनऊला उकड्या तांदळाची पेज आणि सुकटाची चटणी घेऊन जायचं, त्याच्यासमोर बसून आपणही प्यायची. त्याला उठवण्याचं निमित्त पेज, भाषण नाही. रात्री कितीही वाजता झोपला असला तरी उठायची वेळ हीच. दिवसा अर्ध्या तासावर झोप नाही. झोपेची घडी उठण्याच्या वेळेपासून बसते, झोपण्याच्या वेळेपासून नाही. हे मला नोकरीच्या पहिल्या वर्षी एका वॉर्डबॉयने सांगितलं होतं आणि ते आजवर चुकलेलं पाहिलं नाही. मोबाइल हिसकावू नका. चार्जर मात्र घरात राहू दे, चार्जिंगला तो स्वतः घरापर्यंत येईल.

आणि त्याच्याकडे काम मागा, सोपं करून नव्हे, खरंच अडलंय असं. २२ तारखेला गणपती आहे. तुमच्याकडे गणपतीच्या मागची भिंत दरवर्षी रंगवतात ना? यंदा ती त्याला द्या. गणपतीच्या डोक्यावर बांधतात त्या माटवीला कवंडळं, ती रानफळं, कोण आणणार, तेही त्यालाच विचारा. भिंत बिघडली तर बिघडू दे.

गाऱ्हाण्याचं म्हणाल, तर घाला. देवासमोर मन मोकळं केल्याने कोणाचं बिघडत नाही. फक्त गाऱ्हाणं घातलंय म्हणून डॉक्टर पुढे ढकलू नका, आणि कोणी कोंबडा-नारळाबरोबर त्याला उपाशी ठेवा, बांधा, मारा असं सांगितलं तर त्या माणसाला उंबरा ओलांडू देऊ नका. दोन-तीन आठवड्यांत काहीच फरक पडला नाही, किंवा तो एकटाच बडबडू लागला, नसलेले आवाज ऐकू येतात म्हणाला, तर जिल्हा रुग्णालयात मनोविकार विभागात घेऊन जा. तिथे नेणं म्हणजे वेडा ठरवणं नाही.

सिस्टर, मी दापोली तालुक्यातला, वय ६४. ३ जूनच्या निसर्ग वादळात आगर, म्हणजे नारळी-सुपारीची बाग, गेलं. सुपारीची तीनशेच्या आसपास झाडं होती, चाळीस उभी आहेत. नारळ बावीस पडले. त्यांच्यावर चढवलेली मिरी, मधल्या जायफळी, सगळं. घराची कौलं घातली, पण आगरात जाववत नाही. पहाटे तीनला जाग येते ती येतेच. जेवण नको वाटतं, पँट सैल झाली. करोनामुळे कोणी येत नाही, मीही जात नाही. सगळे म्हणतात जीव वाचला ना, झालं. मुलगा पुण्याला आहे, त्याला सांगत नाही. आता आपलं काय काम उरलंय असं वाटतं. आगर गेलं म्हणून रडणारा माणूस मनोरुग्ण होतो का?

दादा, तुमच्या पत्रातलं शेवटून दुसरं वाक्य मी तीनदा वाचलं. म्हणून आडपडदा न ठेवता विचारते: जीव द्यावा असं मनात येतं का? कसा द्यायचा, तेही मनात आलं आहे का? असं विचारल्याने माणसाच्या डोक्यात नसलेला विचार शिरत नाही. उलट कोणीतरी विचारलं म्हणून हलकं वाटतं, हे मी वॉर्डात किती वेळा पाहिलं असेल. उत्तर "हो" असेल तर हे मासिक बाजूला ठेवा, वहिनींना आत्ता सांगा, आजच मुलाला फोन करा, आजच दवाखान्यात जा. रात्री एकटे झोपू नका. वहिनींसाठीही एक ओळ: फवारणीची औषधं कुलपात, किल्ली तुमच्या कमरेला.

उत्तर "नाही" असेल तरीही डॉक्टर हवेतच. रडण्यासाठी नव्हे. ज्याच्या आज्याने लावलेली सुपारी एका दुपारात आडवी झाली, तो नाही रडणार तर कोण? ते दुःख आहे, त्याला औषध नाही. पण पहाटे तीनची जाग, भूक मेलेली, वजन उतरलेलं, आवडीच्या जागेत पाऊल टाकवत नाही, आणि हे दोन आठवडे नाही, दोन महिने चाललंय. दुःखाच्या आडून आजार आत शिरला आहे. त्याला उदासीनता (डिप्रेशन) म्हणतात आणि तो बरा होतो. दापोलीला उपजिल्हा रुग्णालय आहे, तिथे आधी विचारा. पुढे लागलं तर रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, १८८६ पासूनचं. त्याच्या नावाची कोकणात जी थट्टा चालते ती मला तरी कधी सहन झाली नाही. तिथे बाह्यरुग्ण विभागात दाखवून संध्याकाळी घरी येणारी माणसं असतात, तुमच्या-माझ्यासारखी.

गोळ्या दिल्या तर एक लक्षात ठेवा. उदासीनतेच्या गोळीचा गुण यायला दोन ते चार आठवडे लागतात. लोक आठव्या दिवशी "काही उपयोग नाही" म्हणून सोडतात, आणि बरं वाटलं की दुसऱ्याच महिन्यात परस्पर बंद करतात. दोन्ही चूक. तिची नशेसारखी सवयही लागत नाही.

"जीव वाचला ना, झालं" म्हणणाऱ्यांवर मी रागावू शकत नाही, त्यांना काय बोलावं ते कळत नसतं. पण "पुन्हा लावा, उभं राहील" असं मी तुम्हाला म्हणणार नाही. आज लावलेली सुपारी धरायला पाच-सात वर्षं लागतात, नारळालाही तेवढीच किंवा जास्त, आणि तुम्ही ६४ चे आहात. हे गणित तुम्ही पहाटे तीनला रोज करत असणार. मला ते खोटं ठरवता येत नाही.

एवढंच सुचवते. आगरात एकट्याने जाऊ नका. शेजारच्या आगराचीही तीच गत असणार, त्या आगरवाल्याला गडग्यावरून हाक मारा. मास्क लावा, चार हात लांब उभे राहा, मोकळ्या हवेत आहात. कुठला माड कुठल्या बाजूला पडला ते एकमेकांना दाखवा. आवरायचं नाही, नुसतं दाखवायचं. आवराआवर त्यानंतर, दिवसाला एक ओळ, ऊन चढायच्या आत. उरलेल्या चाळीस झाडांच्या बुंध्यांना चुना लावायचा तर तोही याच हिशेबाने. आणि मुलाला सांगा. बापाने लपवलेलं पुण्यातल्या पोराला महिनाभर आधीच कळलेलं असतं, फक्त विचारायची हिंमत नसते.

रोज सकाळपासून रात्रीपर्यंत घरात बातम्या. किती बाधित, किती मेले, हे पंचाहत्तरीचे सासरे मोठ्याने सांगतात. माझं डोकं फिरतं. काय करू? (मालवण)

रिमोटवरून भांडू नका, हराल. त्यांना आकडे सांगायचं काम आवडलंय, तर ते कामच द्या: संध्याकाळी सातला एकदाच, सगळ्यांनी बसून ऐकायचं, आपल्या तालुक्याचा आकडा वहीत लिहायचा त्यांनीच. बाकी वेळ टीव्ही बंद. मान मिळाला की आवाज खाली येतो.

मी दहावीत आहे. राजापूर तालुका. घरात आम्ही आठजण. ऑनलाइन तासांसाठी सड्यावर, वरच्या कातळाच्या माळावर, जावं लागतं, घरात रेंज नाही. घरी आले की सगळे बोलत असतात आणि मला उगाच रडू येतं. आई म्हणते सगळे जवळ आहेत, तुला कसलं दुःख? मला फक्त एकटं बसायचं असतं. मी वाईट आहे का?

नाही गो बाय. पूर्वी शाळेत जायला-यायला तुला जो वेळ लागायचा, तो तुझा एकटीचा होता. मैत्रिणीही त्यातच होत्या. मार्चपासून तो गेला आणि आठ माणसांत कोणाच्या लक्षातही आलं नाही. सगळे जवळ असूनही माणूस गुदमरतो. तुझ्या आईला हे पान वाचायला दे. ताई, तास संपल्यावर पोरीला आणखी एक तास सड्यावर बसू द्या. मैत्रिणीला फोन करेल, नाहीतर नुसती बसेल. त्या वेळात हाक मारू नका. सगळ्यांना हाका मारा म्हणून सांगणारी मी हे सांगतेय, पण हिच्यासाठी औषध उलटं आहे. रडू रोजचंच झालं, जेवण किंवा अभ्यास पूर्ण सुटला, स्वतःला इजा करावीशी वाटली, तर तू आधी आईला आणि मग मला लिही.

आणि छत्री घेऊन जा. कड्याच्या टोकाशी मात्र बसू नकोस, या दिवसांत कातळ शेवाळलेला असतो.