वारस असताना ‘वारसदार’ कशाला?

प्रश्न असा आहे: ‘वडिलांच्या मृत्युपत्राच्या मसुद्यात वकिलांनी “माझी भाची ही माझी वारसदार राहील” असं लिहिलं आहे. काका म्हणतात, नुसतं “वारस” हवं. बरोबर काय? आणि स्त्रीसाठी वेगळं रूप आहे का?’

वेगळं रूप नाही. तो वारस, ती वारस. आणि काकांचा कान तयार आहे. ‘वारसदार’ हा शब्द बातम्यांत, मालिकांत, विम्याच्या अर्जांत आणि आता मृत्युपत्रांच्या आयत्या नमुन्यांतही इतका बोकाळला आहे की ‘वारस’ म्हणणाऱ्यालाच लोक अडवतात. वारस म्हणजे काय हे सगळ्यांना ठाऊक आहे, त्यात वेळ घालवत नाही. थेट शब्दाच्या घडणीकडे येतो.

हा शब्द मुळात अरबी, ‘वारिथ’. फारसीच्या तोंडी त्यातल्या ‘थ’चा ‘स’ झाला आणि ‘वारिस’ आपल्याकडे आला. अरबीत धातूच्या तीन व्यंजनांपैकी पहिल्यापुढे ‘आ’ आणि दुसऱ्यापुढे ‘इ’ आली की ती क्रिया करणारा तयार होतो. कत्ल करणारा कातिल, हुकूम करणारा हाकिम, मालकी असलेला मालिक. मराठीने ‘मालिक’मधली ‘इ’ गाळून ‘मालक’ केला, तसाच ‘वारिस’चा ‘वारस’ केला. दोन्ही एकाच साच्यातले. म्हणजे वारसा घेणारा माणूस ‘वारस’ या शब्दाच्या पोटातच बसलेला आहे. त्याला वर ‘दार’ जोडायचा, तर मग ‘मालकदार’ का म्हणत नाही?

आता ‘दार’. हा प्रत्यय मला फार प्रिय आहे. फारसी ‘दाश्तन’ म्हणजे बाळगणं, धरणं. त्याचं अंग ‘दार’. हा आपल्या ‘धृ’ धातूचा सख्खा भाऊ आहे. इराणी भाषांनी ध, भ यांच्यातला हकार सोडला, म्हणून आपला भ्राता तिकडे बिरादर झाला आणि आपला ‘धार’ तिकडे ‘दार’. इराणच्या बेहिस्तूनच्या कड्यावर एका सम्राटाचं नाव कोरलेलं आहे: दारयवहुश. ग्रीकांनी त्याचा दारेयोस केला, आणि इंग्रजीतून तो आपल्याकडे दरायस झाला. नाव सोडवून पाहा. ‘दारय’ म्हणजे धारण करणारा. ‘वहु’ म्हणजे आपला ‘वसु’, कारण आपल्या ‘स’चा तिकडे ‘ह’ होतो, जसा सप्तचा हफ्त. वसु म्हणजे जे चांगलं ते, आणि संस्कृतात धनसुद्धा. धन धारण करणारा! इ.स.पू. ५२२ मध्ये हा गादीवर आला तेव्हा तो आधीच्या राजाचा, कंबुजियाचा, मुलगा नव्हता. थेट वारस नव्हता, पण नावातच ‘दार’ घेऊन आला होता. इनामदार, वतनदार, कर्जदार म्हणताना आपण त्या सम्राटाच्या नावाचा पहिला तुकडा उच्चारत असतो, हे कळल्यापासून मला हे शब्द नुसते सरकारी वाटत नाहीत.

मुद्दा असा की ‘दार’ ज्याला चिकटतो ती वस्तू माणसाजवळ असते. इनामदाराकडे इनाम असतं, कर्जदाराकडे कर्ज. मग वारसदाराकडे काय असतं? वारस! शब्दाचा सरळ अर्थ लावला तर वारसदार म्हणजे ज्याला वारस आहे तो, म्हणजे मृत्युपत्र करणारा. घेणारा नव्हे, ठेवून जाणारा. पुरावा आपल्या रोजच्या बोलण्यात आहे. बेइमानच्या उलट इमानदार, बेअब्रूच्या उलट अब्रूदार. तसाच ज्याला कोणी वारस नाही तो बेवारस, आणि त्याच्या उलट ज्याला वारस आहे तो वारसदार. या जोडीला उत्तर देणारा मला अजून भेटलेला नाही.

‘वारसदार म्हणजे वारस’ अशी एका ओळीत बोळवण करणारे कोशकार इथे कमी पडले आहेत. शब्द छापात सापडला, अर्थ संदर्भावरून लावला, पुढे चला. ही नोंद झाली, व्युत्पत्ती झाली नाही. दुसरा पक्ष म्हणतो की हा ‘वारसा’ अधिक ‘दार’ आहे, म्हणून वारसा धरणारा. ऐकायला बरं वाटतं, पण मराठीत आकारान्त शब्दाला ‘दार’ लागला की आधी ‘ए’ येतो: ठेका–ठेकेदार, किल्ला–किल्लेदार, सुभा–सुभेदार, हिस्सा–हिस्सेदार, दावा–दावेदार. मग ‘वारसेदार’ व्हायला हवं होतं. यावर हवालदार आणि खजिनदार पुढे केले जातात. ते मी मान्य करतो, पण ती दरबारी पदनामं आहेत, घडीव रूपातच रूढ झालेली. त्यांच्या आडोशाला ‘वारसदार’ला उभं करता येत नाही. ‘शास्त्राद्रूढिर्बलीयसी’ हे वचन मलाही पाठ आहे. पण इथे रूढीसुद्धा माझ्या बाजूची आहे. तलाठ्याकडे होते ती वारस नोंद. महाराष्ट्रात दिवाणी न्यायालय १८२७च्या मुंबई विनियम ८ खाली देतं ते वारस प्रमाणपत्र. ‘वारसदार प्रमाणपत्र’ मागायला कोणी जात नाही.

राहिला तुमचा मसुदा, आणि तिथे काकाही थोडे चुकले आहेत. भाचीला ‘वारस’सुद्धा म्हणू नका. वारस कोण हे कायदा ठरवतो. १९५६च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे पुरुषाच्या पश्चात मुलं, पत्नी, आई हे पहिल्या वर्गात येतात. बहिणीची मुलगी दुसऱ्या वर्गात, तीही बरीच खाली. तुम्ही हयात असताना तिला वारस म्हणून काहीच मिळत नाही. तिला मिळणार ते मृत्युपत्रामुळे, म्हणून ती लाभार्थी. हल्ली बँकेत आणि डीमॅट खात्याच्या अर्जावर नॉमिनीलाही बिनदिक्कत ‘वारसदार’ म्हणतात, ते तर सर्वांत घातक. नॉमिनी रक्कम स्वीकारतो, एवढ्याने तो मालक होत नाही. सर्वोच्च न्यायालयाने हे विम्याबाबत १९८४ मध्ये सांगितलं होतं (२०१५च्या कायदादुरुस्तीने विम्यात जवळच्या नातलगांपुरता अपवाद झाला) आणि शेअर्सबाबत २०२३ मध्ये सांगितलं आहे. तीन वेगळी माणसं, तीन वेगळे हक्क, आणि तिघांना मिळून एकच चुकीचा शब्द! घरोघरीच्या भांडणांत या शब्दाचा वाटा आहे असं माझं ठाम मत आहे.

वकिलांना सांगा, ते वाक्य काढा. त्या जागी भाचीचं पूर्ण नाव, नातं, आणि ‘माझ्या पश्चात अमुक मिळकत तिला मिळावी’ एवढं लिहा. आणि मथळ्यात ‘मृत्यूपत्र’ छापलं असेल तर ‘त्यु’ ऱ्हस्व करून घ्या.