बाळाचा बाप्तिस्मा: विश्वास आधी की वचन आधी?

प्रश्न : आमची मुलगी पाच महिन्यांची आहे. माझे सासर चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या मंडळीतले असून नाताळापूर्वी तिचा बाप्तिस्मा व्हावा, अशी सासूबाईंची इच्छा आहे. माझा भाऊ दुसऱ्या एका मंडळीत जातो. तो म्हणतो की मार्क १६:१६ मध्ये आधी विश्वास आणि मग बाप्तिस्मा सांगितला आहे, त्यामुळे ज्याला काहीच कळत नाही अशा बाळाच्या डोक्यावर पाणी घालणे हा नुसता रिवाज आहे. मुलीला मोठेपणी स्वतः ठरवू द्यावे, असे कधीकधी मलाही वाटते. शास्त्राच्या आधारे काय योग्य?
— एक वाचक भगिनी, पुणे

उत्तर : प्रिय भगिनी, तुमच्या भावाच्या म्हणण्यात जे खरे आहे, ते आधी मान्य करतो. ‘अमुक बाळाचा बाप्तिस्मा झाला’ असे स्पष्ट वाक्य नव्या करारात कोठेही नाही आणि आमच्यासारख्या पाळकांनी ते असल्यासारखे बोलू नये. मात्र विश्वासणाऱ्या आईबापांच्या घरी वाढलेल्या एखाद्या मुलाला मोठे होईपर्यंत थांबवून मग बाप्तिस्मा दिला, असे उदाहरणही तेथे एकही सापडत नाही. म्हणून एखाद्या सुट्या वचनावर हा प्रश्न सुटत नाही.

मार्क १६:१६ चेच पाहा. त्या वचनाचा उत्तरार्ध असा आहे की जो विश्वास ठेवत नाही तो दोषी ठरेल. पूर्वार्ध तान्ह्या बाळांना लागू करायचा, तर उत्तरार्धही लागू करावा लागेल, आणि तसे तुमचा भाऊ खचितच म्हणणार नाही. ज्यांना सुवार्ता ऐकून तिला होकार किंवा नकार देता येतो, अशा लोकांविषयी प्रभू तेथे बोलत आहे. त्यांच्या कडेवरच्या लेकराचा विचार त्या वचनात नाही.

तो विचार, ज्याच्याशी आणि ज्याच्या वंशाशी देवाने करार केला त्या अब्राहामाच्या घरात आहे, आणि माझ्या मते सगळ्या वादाचे मर्म तेथेच आहे. रोमकरांस पत्र ४:११ मध्ये प्रेषित पौल सांगतो की सुंता ही अब्राहामाला आधीच मिळालेल्या विश्वासाच्या नीतिमत्त्वाचा शिक्का होती. म्हणजे अब्राहामाच्या बाबतीत विश्वास आधी आला आणि खूण नंतर. पण त्याचा मुलगा इसहाक याला तीच खूण, त्याच अर्थाची, आठव्या दिवशी मिळाली. त्याचा विश्वास पुढे यायचा होता. विश्वासाची खूण विश्वासाआधी देणे निरर्थक असते, तर देवाने स्वतःच ती आज्ञा दिली नसती. कलस्सैकरांस पत्र २:११-१२ मध्ये पौल सुंता आणि बाप्तिस्मा यांना एकाच विचारात गुंफतो. शिवाय सुंता फक्त मुलग्यांची होत असे, बाप्तिस्मा मात्र स्त्रियांनाही मिळू लागला. ज्या नव्या कराराने दार असे रुंद केले, त्यानेच लेकरांना, ज्यांना आजवर आत जागा होती, न सांगता बाहेर काढले असेल, हे मला पटत नाही. पेन्टेकॉस्टच्या, म्हणजे शिष्यांवर पवित्र आत्मा उतरला त्या दिवशी प्रेषित पेत्राने ‘हे वचन तुमच्यासाठी आणि तुमच्या मुलाबाळांसाठी आहे’ असे सांगितले, तेव्हा ऐकणाऱ्या यहूदी आईबापांना त्याचा कोणता अर्थ लागला असेल?

नव्या करारात लुदिया, फिलिप्पै येथील तुरुंगाचा नायक, करिंथचा स्तेफन यांच्या बाप्तिस्म्यांचे वर्णनही घराण्यासकट आलेले आहे. त्या घरांत तान्ही मुले होतीच, असे सिद्ध करता येत नाही. पण ‘घराणे’ या शब्दातून मुले वगळावीत, असे तेथे कोठे म्हटलेलेही नाही. प्रभू येशूने बालकांना जवळ घेतल्याचा प्रसंग मी येथे पुरावा म्हणून मांडत नाही, कारण तेथे बाप्तिस्मा नाही, आशीर्वाद आहे.

इतिहासाचे थोडक्यात सांगतो. इ. स. २०० च्या सुमारास उत्तर आफ्रिकेतील ख्रिस्ती लेखक टर्टुलियन याने बालकांच्या बाप्तिस्म्याची घाई नको असा सल्ला दिला, याचा अर्थ ती प्रथा तेव्हा होती. सुमारे २५३ मध्ये कार्थेजचा बिशप सिप्रियन आणि त्याच्याबरोबरच्या बिशपांनी आठव्या दिवसापर्यंतही थांबू नये असे ठरवले. उलट मोनिकेसारख्या भाविक आईचा मुलगा, पुढे थोर धर्मपंडित झालेला ऑगस्टीन, याचा बाप्तिस्मा ३८७ मध्ये, तो प्रौढ असताना झाला. तेव्हा इतिहासही सगळा एकाच बाजूचा नाही.

आपल्याकडे बाबा पदमनजींचा बाप्तिस्मा १८५४ मध्ये आणि नारायण वामन टिळकांचा १८९५ मध्ये झाला, दोघांचाही जाणत्या वयात. पण ते हिंदू घरांतून ख्रिस्ताकडे आले होते; ती अब्राहामाची पिढी होती. तुमची मुलगी इसहाकाच्या जागी आहे.

‘तिला ठरवू द्यावे’ या विचारामागची तुमची कळकळ मला समजते. परंतु बाप्तिस्म्यात पहिला शब्द आपला नसतो. बाळाचे नाव घेऊन पाळक तीन वेळा पाणी घालतो, ते बहुधा झोपेतून दचकून रडू लागते, आई शालीच्या टोकाने त्याचे कपाळ टिपते. त्या साऱ्या वेळात बाळ फक्त घेत असते. कृपा म्हणतात ती हीच, आणि जाणत्या माणसालाही ती याहून वेगळ्या रीतीने मिळत नाही. त्या कृपेला उत्तर मुलीने पुढे द्यायचे आहे. दृढीकरणाच्या, म्हणजे जाणत्या वयात आपला विश्वास जाहीर करण्याच्या विधीच्या वेळी ती ते मंडळीसमोर स्वतःच्या तोंडाने देईल, आणि ते नाकारण्याची मोकळीकही तिला असेल. पाण्याने तारण आपोआप होते, असे मी म्हणत नाही. ज्या घरात प्रार्थना नाही आणि शास्त्रवाचन नाही, तेथे हा विधी बारशाच्या जेवणावळीसारखा उरकला जातो. तुमच्या भावाचा ‘रिवाज’ हा शब्द तेथे खरा ठरतो, आणि त्याचे मला फार वाईट वाटते.

तुमच्या सासरच्या मंडळीविषयी एक गोष्ट सांगायला हवी. १९७० मध्ये नागपूर येथे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तेव्हा जाणत्या वयातच बाप्तिस्मा देणाऱ्या बाप्टिस्ट आणि ब्रदरन परंपरेच्या मंडळ्याही तिच्यात आल्या, म्हणून तेथे बालबाप्तिस्मा आणि जाणत्या वयातला बाप्तिस्मा हे दोन्ही मार्ग मान्य आहेत. बाळाला प्रार्थनेने देवाच्या हाती सोपवून (समर्पण करून) बाप्तिस्म्यासाठी पुढे थांबणाऱ्या आईबापांना कोणी कमी लेखू नये. माझा सल्ला मात्र बाप्तिस्मा द्यावा असाच आहे, आणि एकदा दिल्यावर तो पुन्हा देण्याचा विषय घरात काढू नये.

नाताळाची घाई करू नका. तुम्ही आणि तुमचे पती आधी तुमच्या पाळकांबरोबर बसून तुम्हाला द्यावी लागणारी वचने एकेक वाचा. धर्मपिता आणि धर्ममाता, म्हणजे बाप्तिस्म्यात बाळाची आध्यात्मिक जबाबदारी घेणारे, निवडताना नात्यापेक्षा, जे दर रविवारी मंडळीत येतात आणि मुलीला भेटत राहतील, अशांचा विचार करा. भावालाही आग्रहाने बोलवा. त्या दिवशी मुलीसाठी प्रार्थना करायला त्याची काहीच हरकत नसेल.