अंगणातली एक कांडी

प्रश्न : आमचं गावचं घर संगमेश्वर तालुक्यात, डोंगराच्या कुशीत. चिरेबंदी भिंती. घरात रेंज अजिबात नाही. अंगणात आंब्याखाली उभं राहिलं की एक कांडी येते. सासूबाई ७८ वर्षांच्या, एकट्या असतात. त्यांचा फोन गरम होतो, दुपारीच बॅटरी संपते. घरात फायबरचं इंटरनेट आहे. ऑनलाइन सहा हजारांत सिग्नल बूस्टर मिळतो, तो घ्यावा का? दीर म्हणतात, परदेशात घरात ठेवायचा छोटा टॉवर मिळतो. त्यापासून अपाय नाही ना?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, बूस्टर घेऊ नका. परवान्याशिवाय तो लावणं बेकायदा आहे, आणि मला कायद्यापेक्षा शेजाऱ्यांची काळजी जास्त वाटते. मी मोबाईल नेटवर्कच्या कामात बावीस वर्षं काढली. पुण्याच्या एका उपनगरात दोन गल्ल्यांमधले कॉल रोज सकाळी दहानंतर तुटायचे. हातात अँटेना आणि स्पेक्ट्रम अॅनालायझर (हवेतले रेडिओ सिग्नल पडद्यावर दाखवणारं यंत्र) घेऊन आम्ही दोन दिवस फिरलो. शेवटी एका दुकानाच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीला बांधलेला बूस्टर सापडला. बूस्टरला दोन अँटेना असतात : बाहेरची सिग्नल उचलते, आतली तो वाढवून घरात सोडते. मांडवात माईक स्पीकरसमोर आला की कूंऽऽ होतं ना, तसंच चाललं होतं : आतल्या अँटेनाचा आवाज बाहेरची अँटेना पुन्हा उचलत होती आणि तो गोंगाट थेट टॉवरच्या कानात जात होता. दुकानदाराने स्विच बंद केला आणि पडद्यावरचा उंचवटा त्याच क्षणी बसला. त्याच्या स्वतःच्या फोनवर मात्र इतके दिवस सगळ्या कांड्या होत्या.

दीर म्हणतात ती वस्तू खरी आहे. तिला फेम्टोसेल म्हणतात. ब्रिटनमध्ये व्होडाफोनने ती २००९ मध्ये ग्राहकांना विकायला काढली. राउटरएवढा डबा, फोनचा सिग्नल घ्यायचा आणि ब्रॉडबँडवरून कंपनीकडे पोचवायचा. मात्र हा डबा कंपनीच्या स्पेक्ट्रमवर, म्हणजे तिला परवान्याने मिळालेल्या रेडिओ लहरींवर चालतो, म्हणून तो कंपनीनेच द्यायला हवा. आपल्याकडे दुकानातून आणून लावता येत नाही.

अपायाचं विचारलंत, बरं झालं. ही भीती मी घरोघरी ऐकली आहे. मोठ्या टॉवरवरून साधारण २० ते ४० वॅट बाहेर पडतात, घरातल्या फेम्टोसेलमधून जेमतेम ०.१ वॅट. आणि टॉवर लांब असला की फोनलाच पूर्ण जोर लावून ओरडावं लागतं. सासूबाईंचा फोन गरम होतो, बॅटरी संपते, त्याचं हे मोठं कारण. टॉवर जवळ आला की फोन हळू बोलतो.

तुमच्याकडे फायबर आहे, म्हणजे निम्मं काम झालेलं आहे. आजच वाय-फाय कॉलिंग चालू करा, म्हणजे साधा कॉल टॉवरऐवजी घरातल्या वाय-फायवरून जाईल. एअरटेलने ही सोय डिसेंबर २०१९ मध्ये आणली, जिओने जानेवारी २०२० मध्ये. फोन त्या सोयीचा हवा, मग सेटिंगमध्ये एक बटण. नंबर तोच, वेगळं अॅप नाही. सासूबाईंना नवीन काही शिकावं लागत नाही. राउटर ओटीवर असेल तर माजघरात, त्यांच्या खाटेजवळ आणा, कारण चिऱ्याची जाड भिंत वाय-फायलाही अडवते. फोन २.४ गिगाहर्ट्झच्या वाय-फायला जोडा. ५ पेक्षा ते भिंतीतून बरं जातं. फोन एअरप्लेन मोडवर टाकून बॅटरी वाचवायचा सल्ला कुणी देईल, पण तो त्यांच्यासाठी नको. त्या अंगणात गेल्या तर फोन लागणारच नाही.

कोकणातल्या पावसात लाईट जाते, हे मी तुम्हाला काय सांगू! राउटर आणि फायबरचा डबा, दोन्ही इन्व्हर्टरवर घ्या. एकच घेतला तर उपयोग शून्य.

वाडीतल्या बाकीच्या घरांचं काय? खांबावर बसणारा छोटा सेल, म्हणजे कंपनीचा छोटासा टॉवरच, शे-दोनशे मीटरला पुरतो. ग्रामपंचायतीच्या ठरावासह सगळ्यांनी मिळून कंपनीला अर्ज करा. किती घरं, कुठल्या खांबापर्यंत फायबर आणि वीज आहे, जागेचे अक्षांश-रेखांश, एवढं त्यात लिहा. ‘रेंज नाही’ एवढ्याच ओळीचे अर्ज मी ढिगाने पडून राहिलेले पाहिले आहेत. खांब हातात असला की इंजिनिअरला पाहणीला यायला कारण मिळतं. केंद्र सरकारने २०२२ मध्ये नियम बदलून विजेच्या खांबांवर असे सेल बसवायची वाट मोकळी केली आहे.

तोवर पुढच्या खेपेला गावी गेलात की मेन स्विच बंद करून माजघरातून ठाण्याला एक फोन लावून बघा. लागला, तर सासूबाईंना आंब्याखाली जावं लागणार नाही.