हॅस्केल या प्रोग्रामिंग भाषेत फंक्शनचा कंपायलरने ठरवलेला टाइप बघायचा कसा?

एकाच फंक्शनचा टाइप हवा असेल तर जीएचसीआय (हॅस्केलचा कोड ओळीओळीने चालवून बघायचा प्रॉम्प्ट) उघडा आणि कोलन-टी लिहून पुढे फंक्शनचं नाव द्या. अख्ख्या फाइलचे हवे असतील तर फाइल लोड करून कोलन-ब्राउझ मारा, सगळे एका दमात दिसतील. एडिटरमध्ये हॅस्केल लँग्वेज सर्व्हर (एडिटरला टाइप वगैरे पुरवणारं टूल) असेल तर तेवढंही नको: सिग्नेचर, म्हणजे टाइप सांगणारी ओळ, फंक्शनच्या डोक्यावर फिकट अक्षरांत दिसते, क्लिक केलं की फाइलमध्ये उतरते. मी रोज हेच वापरतो.

एका ठिकाणी मात्र हमखास गोंधळ होतो. 'प्लस = (+)' एवढंच प्रॉम्प्टवर लिहिलंत तर टाइप कुठल्याही 'नम'साठी, म्हणजे कोणत्याही प्रकारच्या संख्येसाठी, चालणारा येतो. तीच ओळ फाइलमध्ये, सिग्नेचरशिवाय, आणि प्लस दुसरीकडे कुठे वापरलेला नसेल तर तो थेट 'इंटिजर' (फक्त पूर्णांकांसाठी) होऊन बसतो. कारण मोनोमॉर्फिझम रिस्ट्रिक्शन, म्हणजे सिग्नेचर आणि आर्ग्युमेंट न लिहिलेल्या अशा व्याख्येला एकच ठरावीक टाइप घ्यायला लावणारी अट. ती फाइलमध्ये चालू असते, जीएचसीआयच्या प्रॉम्प्टवर ७.८ आवृत्तीपासून बंद. 'प्लस एक्स वाय = एक्स + वाय' असे आर्ग्युमेंट उघड लिहिले की भानगड मिटते.

आणि दाखवलेली सिग्नेचर डोळे झाकून चिकटवू नका, बऱ्याचदा ती तुम्हाला हवी त्याहून जास्त जनरल असते.